चारित्र्य फक्त मुलींचंच?

‘हायस्कुलातली मुलं बिघडली’ हे विंचूरमध्ये मी वारंवार ऐकते. उपदेश मात्र मुलींनाच: ओढणी नीट घे, शाळा सुटली की थेट घरी ये. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलीला वर्गातच जाळण्यात आलं. ती तर मान खाली घालून पेपर लिहायला बसली होती! खोट होती ती नकार न पचवणाऱ्या तरुणाच्या घडणीत. मुलीचं ‘नाही’ ऐकून मुकाट्याने मागे फिरणं, हेही चारित्र्यच. ते मुलग्यांना कोण शिकवणार? २०२२ साली सरकारने शाळांना सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. आपल्या शाळेतली समिती मुलग्यांशी काय बोलते, हे येत्या पालकसभेत आपण विचारू या.