पट्टी कोणाची?

दोन महिन्यांपूर्वीं याच पानावर एका होतकरू मंडळीच्या संगीत नाटकाविषयीं मीं जें लिहिलें होतें, तें कित्येक वाचकांच्या स्मरणांत असेल. नायिकेविषयीं त्यांत एक वाक्य होतें : मंद्रांत हिचा आवाज ठरत नाहीं, आणि दुसऱ्या अंकांत तो सुरावरून घसरतो. हें वाक्य खोटें नव्हतें. पण तें अन्यायाचें होतें. त्याची कबुली देण्यासाठींच आजचें हें पान.

पेटीची साथ हा माझा व्यवसाय. त्यामुळें परीक्षण लिहावयास बसलों कीं एक अडचण नेहमीं पुढें उभी राहते. ज्यांचे दोष आज दाखवावयाचे, त्यांच्याच शेजारीं उद्यां बसून पोट भरावयाचें! म्हणून मीं स्वतःस दोन नियम घालून घेतले होते. ज्या प्रयोगाची बिदागी घेतली, त्याचें परीक्षण करावयाचें नाहीं. आणि परीक्षणास जावयाचें तें तिकीट काढूनच. एवढ्यानें आपण निःपक्षपाती झालों, असें मला वाटत असे.

परीक्षण प्रसिद्ध झाल्यावर तीन आठवड्यांनीं त्याच मंडळीच्या चालकांचा निरोप आला. त्यांचा पेटीवाला आजारी पडला होता. पुढच्या प्रयोगाला मी बसेन काय? मी गेलों. तालमीच्या वेळीं कळलें कीं, नायिकेच्या चार पदांपैकीं दोन गाळलीं आहेत. "तुम्हींच लिहिलें होतें ना!" चालक सहज म्हणाले. ती मुलगी कोपऱ्यांत वही मिटून बसली होती. तिनें मला नमस्कार केला, पण वर पाहिलें नाहीं.

मोठ्या नाटकावर दहा परीक्षणें येतात. एखादें चुकलें तरी नऊ उरतात. अशा लहान मंडळीच्या वाट्यास मुळीं एकच येतें. मग त्यांतील एक वाक्यहि केवढें जड होतें, याचा विचार मीं पूर्वीं कधीं केला नव्हता.

रात्रीं घरीं ही हकीकत सांगितली. सौभाग्यवतीनें शांतपणें विचारलें, "अहो, कोणाच्या साथीला बसतां, तेव्हां आधीं काय विचारतां?"

"पट्टी कोणती, हें."

"मग लिहितांना तें विचारलेंत का?"

मला उत्तर देतां येईना.

नायकाचा आवाज काळी दोनमध्यें खुलतो, म्हणून सारें नाटकच त्या पट्टींत बसविलेलें होतें. मंडळीजवळ तबल्याची जोडी एकच. एक पद संपतें न संपतें तोंच दुसरें सुरू होतें. तबला पुन्हां लावावयास सवड कोठली? आणि मुलीचा आवाज तर काळी चारचा! काळी दोनच्या षड्जावर तिला खालचे स्वर लागावे कसे? पेटीवाल्यास जें पहिल्याच क्षणीं उमगावें, तें प्रेक्षकांच्या खुर्चींत बसतांच मी विसरलों. दोष खरा होता. पण तो गळ्याचा नव्हता, योजनेचा होता. माझ्या लेखांत तो भलत्याच माथीं बसला.

हा प्रश्न आजचा नाहीं. स्त्रियांच्या भूमिकाहि पुरुषच करीत, तेव्हां पट्ट्यांमधील हें अंतर इतकें जाणवत नसावें. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें, त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. त्या नाटकाचे संगीतकार केशवराव भोळे. हेच भोळे 'एकलव्य' या नांवानें गायकांवर परीक्षणात्मक लेखहि लिहीत. स्वतः चाली बांधणारा परीक्षक कशाकरितां हवा, याचें हें चांगलें उदाहरण होय. सूर चुकला हें कानसेनासहि कळतें. तो कां चुकला हें सांगणें जाणकाराचें काम. तें जो करीत नाहीं, त्याच्या जाणकारीचा वाचकांस उपयोग काय?

दुसऱ्या दिवशीं तालमींत मीं एक जुनीच युक्ति सुचविली. नायिकेच्या पदांपुरता काळी दोनचा मध्यम हाच षड्ज धरावा. तो बरोबर काळी चारवर येतो. तंबोरा हल्लीं मोबाईलवरच वाजतो. तो बदलणें क्षणाचें काम. तबला तर हलवावाच लागत नाहीं, कारण त्याचा स्वर नव्या षड्जाचा पंचम होतो. मुलीनें पहिली ओळ म्हटली. आवाज स्थिर, गोल आणि मोकळा! ओळ संपल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, मला वाटलें होतें, माझा गळाच तसा आहे."

गाळलेल्या पदांपैकीं एक परत आलें. दुसऱ्याच्या जागीं आतां नवा प्रवेश बसला आहे. तें गेलें तें गेलेंच.

माझ्या नियमांत मात्र एकाची भर पडली आहे : गाणाऱ्याचा दोष लिहिण्यापूर्वीं पडद्यामागें जाऊन पट्टी विचारावयाची. आतां या नाटकाची बिदागी मीं घेतली आहे. तेव्हां पहिल्या नियमाप्रमाणें त्याच्या स्तुतीचा एक शब्दहि मला लिहितां येत नाहीं. वाचकांनीं तिकीट काढून स्वतःच जावें, आणि दुसरा अंक नीट कान देऊन ऐकावा.