कोंबडीची भूक

अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीस 'बिनडोक' आणि 'खादाड' ही दोन विशेषणे आमच्या आमोण्यात काय किंवा पेडण्या-डिचोलीच्या इतर गावांत काय, सर्रास लावली जातात. दोन्ही अन्यायाची आहेत. ज्या कोंबडीस दुसरे खरोखर लागू पडते, तिच्याही बाबतीत अपराध तिचा नसून मनुष्याचा आहे, असे आमचे मत आहे.

खुडूक बसलेली कोंबडीच पाहा. एकवीस दिवस ती अंड्यांवरून क्वचितच उठते, घाईने चार दाणे टिपते आणि परत बसते. पुढ्यात दाणे ठेवले तरी ती फारसे खात नाही. तिचे वजन उतरत जाते. हा बळेच केलेला उपास नव्हे. तेवढ्या दिवसांपुरती तिच्या मेंदूनेच भुकेची मर्यादा खाली आणलेली असते.

ही मर्यादा राखणारा भाग मेंदूच्या तळाशी असतो; त्यास हायपोथॅलॅमस म्हणतात. गळ्याखालची अन्नाची पिशवी किती भरली, रक्तात पोषक द्रव्ये किती आहेत, ही वार्ता मेंदूस पोहोचते आणि खावे की थांबावे याचा निर्णय होतो. गंमत अशी की, घ्रेलिन नावाचे संप्रेरक मनुष्याची भूक वाढवते, तर कोंबडीची भूक मारते! पक्ष्याचा मेंदू ही आपल्या मेंदूची हलकी नक्कल नव्हे, हे 'बिनडोक' म्हणणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पॉल सीगल या शास्त्रज्ञाने 1957 साली एकाच जातीच्या कोंबड्यांतून दोन वंश निवडण्यास आरंभ केला. एक वजनदारांचा, दुसरा हलक्यांचा. पुढे 1983 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हायपोथॅलॅमसमधील तृप्तीशी संबंधित भागास इजा केली, तेव्हा हलक्या वंशातील कोंबड्या अतोनात खाऊन लठ्ठ झाल्या. वजनदार वंशाचे खाणे मात्र वाढले नाही. 'पुरे' म्हणणारा आवाज त्यांच्या ठायी आधीच क्षीण झाला होता. केवळ वजन पाहून केलेल्या निवडीने मेंदूच बदलून गेला!

बाजारातील ब्रॉयलर याच वाटेने आला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात 1957 च्या वंशाची व 2005 च्या वंशाची पिले सारख्याच खाद्यावर वाढवली, तेव्हा 56 दिवसांत पहिली सुमारे 900 ग्रॅम भरली, दुसरी सुमारे 4200. पण या ब्रॉयलरच्या आईबापांस पोटभर खाऊ दिले, तर ती लठ्ठ होऊन रोगी होतात. म्हणून त्यांस भुकेपेक्षा पुष्कळ कमी, मोजून खाद्य देतात. आधी भूक वाढवायची आणि मग त्या भुकेल्या जिवास जन्मभर अर्धपोटी ठेवायचे, या व्यवहारास आम्हांस तरी न्याय म्हणता येत नाही.

स्वस्त मांसामुळे गरिबाच्या ताटात सकस अन्न आले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने परसात पाळण्यासाठी 'वनराजा' ही कोंबडी तयार केली आहे. ती ब्रॉयलरहून सावकाश वाढते आणि अंगणात हिंडून आपले अन्न शोधते. ज्यांच्या घरापुढे अंगण आहे, त्यांनी तिचा किंवा आपल्या गावठी कोंबडीचा विचार करावा. आणि ज्यांना विकतच घ्यावे लागते, त्यांनी एवढे तरी मागावे की, वंश निवडणाऱ्यांच्या वहीत वजनाशेजारी आणखी एक रकाना असावा: ही कोंबडी खाताना आपण होऊन थांबते काय?