नाव आपले, नोंदवही कोणाच्या हाती?

घर बांधायला निघालेला शहाणा माणूस सिमेंट कोणते वापरावे याचा विचार करण्यापूर्वी जमिनीचा सातबारा तपासतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर बोजा आहे काय, फेरफार झाला आहे काय, हे पाहिल्याखेरीज तो एक वीटही रचत नाही. हाच शहाणा माणूस इंटरनेटवर स्वतःचे संकेतस्थळ उभारू लागला, की मात्र त्याची सावधगिरी कोठे जाते कोण जाणे! मुखपृष्ठाचा रंग, छायाचित्रांची निवड, अक्षरांचे वळण यांची चर्चा महिनाभर चालते. आणि ज्या नावावर हा सारा डोलारा उभा राहायचा, ते डोमेन नाव कोणाकडे नोंदवायचे हा प्रश्न ‘जेथे स्वस्त मिळेल तेथे’ एवढ्या चार शब्दांत निकालात निघतो. या चार शब्दांची किंमत पुढे अनेकांना मोजावी लागते.

आज स्वतःचे संकेतस्थळ ही केवळ मोठ्या उद्योगांची गरज राहिलेली नाही. आयुष्यभराचे लेखन एकत्र ठेवू इच्छिणारे निवृत्त प्राध्यापक, गावोगावी जाणारे कीर्तनकार, रुग्णांना वेळापत्रक कळवणारे वैद्य, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक, दिवाळीच्या फराळाची मागणी परदेशापर्यंत पोहोचवणाऱ्या गृहिणी, अशा सर्वांना ते हवे असते. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार किती दिवस टिकतो, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले आणि लक्षावधी घरगुती पाने नाहीशी झाली. आपल्याकडील तरुणाईचे लाडके ऑर्कुट गुगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. ओसरी दुसऱ्याची असली, की ‘उठा’ म्हणण्याचा अधिकारही दुसऱ्याचाच असतो. म्हणून स्वतःचे नाव असावे, हे खरेच. परंतु ते नाव खरोखर ‘स्वतःचे’ आहे काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

मालकी नव्हे, भाडेपट्टा

डोमेन नाव ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो. वस्तुतः ते कोणालाही विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी वापरावयास मिळते. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत एका वेळी अधिकाधिक दहा वर्षे असते. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर नाव पुन्हा बाजारात येते.

या व्यवस्थेची उतरंड समजून घेतली पाहिजे. सर्वांत वर आहे आयकॅन ही १९९८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिच्या खाली प्रत्येक शेपटाची एकेक रजिस्ट्री, म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था असते. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे, तर आपल्या डॉट इनची निक्सी या भारतीय संस्थेकडे. त्याखाली येतात रजिस्ट्रार, म्हणजे नोंदणीकार. आपला व्यवहार प्रत्यक्षात त्यांच्याशीच होतो. पुष्कळदा त्यांच्याही खाली आणखी एक पायरी असते. नोंदणीकाराकडून घाऊक नावे घेऊन ती किरकोळीने देणारा दलाल, किंवा संकेतस्थळ बनवून देणारा ओळखीचा तरुण!

मूळ नोंदवहीत काय लिहायचे, हे नोंदणीकार ठरवतो. त्याने चुकीच्या माणसाचे ऐकले, तर आपले नाव दुसऱ्याचे होते. ही अतिशयोक्ती नव्हे. अमेरिकेत १९९५ मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे नोंदणीकाराने एक अत्यंत मौल्यवान नाव परस्पर दुसऱ्याच्या हवाली केले. मूळ नोंदणीधारकाला न्यायालयात वर्षानुवर्षे झगडावे लागले. ‘क्रेमेन विरुद्ध कोहेन’ या नावाने गाजलेल्या या खटल्यात २००३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ता ठरू शकते आणि ती परस्पर देऊन टाकणारा नोंदणीकारही उत्तरदायी असू शकतो, असे म्हटले. आपल्याकडेही ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले. कायदा आपल्या बाजूने आहे, हे समाधान मोठे आहे. परंतु सामान्य कुटुंबाने न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा प्रारंभीच योग्य माणसाच्या हाती वही देणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

स्वस्ताई आणि मोठेपणा

लोक दोन गोष्टींवर भाळतात. एक स्वस्ताई आणि दुसरी कंपनीचा आकार. दोन्हींची परीक्षा काळाने घेतली आहे.

स्वस्त दराने लाखो नावे गोळा करणारी रजिस्टरफ्लाय ही अमेरिकी कंपनी २००७ मध्ये कोलमडली. पैसे भरूनही ग्राहकांच्या नावांचे नूतनीकरण झाले नाही आणि कित्येकांची नावे हातची गेली. अखेर आयकॅनने तिची मान्यता काढून घेतली व उरलेली नावे दुसऱ्या नोंदणीकाराकडे सोपवली. यानंतरच प्रत्येक नोंदणीकाराने ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिसऱ्या संस्थेकडे ठेव म्हणून ठेवण्याची व्यवस्था कसोशीने अंमलात आली. त्याही पुढची पायरी म्हणजे फुकट नावे. टोकेलाऊ या प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांचे डॉट टीके हे शेपूट फ्रीनॉम नावाची कंपनी मोफत वाटत असे. फुकटच्या नावांचा फसवणुकीसाठी सुळसुळाट झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्या नोंदणी-कंपनीची मान्यता आयकॅनने रद्द केली आणि २०२४ मध्ये ती या व्यवसायातूनच बाहेर पडली.

बरे, मोठी कंपनी निवडली तर? गुगलहून मोठे नाव कोणते! तरीही २०२३ मध्ये गुगलने आपला नोंदणी-व्यवसाय स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकून टाकला आणि ग्राहकांना नवा घरमालक लाभला. आपल्या मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या डायरेक्टी या उद्योगाने नाव-नोंदणीच्या क्षेत्रात जागतिक पातळीवर स्थान मिळवले, ही अभिमानाची गोष्ट. पण त्याचाही हा विभाग २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेला. यात कोणी गैर केले असे नाही. व्यापारात खरेदी-विक्री चालायचीच. बोध एवढाच, की पाटीकडे पाहून ठेवलेला विश्वास पुरेसा नसतो. नोंदणीकार उद्या बदलला, तरी आपले नाव आपल्या हाती राहील, अशी तजवीज असली पाहिजे.

पाच कसोट्या

पहिली कसोटी मान्यतेची. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसाठी आयकॅनने मान्यता दिलेल्या नोंदणीकारांची आणि डॉट इनसाठी निक्सीने मान्यता दिलेल्यांची यादी जाहीर असते. आपण ज्याला पैसे देणार, तो त्या यादीत आहे की कोणा नोंदणीकाराचा दलाल आहे, हे आधी विचारावे. दलाल वाईटच असतो असे नाही. परंतु उद्या त्याने दुकान बंद केले तर मूळ नोंदणीकार कोण, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

दुसरी कसोटी नोंदीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव व कोणाचा इमेल लिहिला आहे? आपल्याकडे संकेतस्थळ करून देणारा भाचा, शेजारचा संगणक-अभियंता किंवा एखादा छोटा व्यावसायिक सोयीसाठी स्वतःच्याच खात्यातून नाव नोंदवतो. हेतू निर्मळ असतो. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, व्यवसाय बदलतो, संबंध दुरावतात, आणि कागदोपत्री नाव त्याचेच राहते. खाते आपल्या नावाचे असावे, पैसे आपण भरावेत, परवलीचा शब्द आपल्याकडे असावा. रचनाकाराला संकेतस्थळाची किल्ली द्यावी, सातबारा देऊ नये. आणखी एक दक्षता म्हणजे, या खात्यासाठी त्याच डोमेनवरचा इमेल देऊ नये. नाव बंद पडले की तो इमेलही बंद पडतो आणि कुलूप आत, किल्लीही आत, अशी अवस्था होते.

तिसरी कसोटी दुसऱ्या वर्षाच्या किमतीची. पहिल्या वर्षी नाममात्र दर आणि नूतनीकरणाच्या वेळी तिप्पट-चौपट रक्कम, ही या बाजाराची जुनी खोड आहे. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिवर्षी १०.२६ डॉलर झाला. त्याहून पुष्कळ कमी दराने कोणी नाव देत असेल, तर ती तूट तो पुढे कोठून तरी भरून काढणार, हे उघड आहे. म्हणून जाहिरातीतला आकडा पाहू नये, नूतनीकरणाचा दर विचारावा.

चौथी कसोटी निरोपाची. चांगल्या माणसाची ओळख तो निरोप कसा देतो यावरून पटते. आयकॅनच्या नियमांनुसार नाव दुसऱ्या नोंदणीकाराकडे नेण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. त्यासाठी लागणारा संकेतांक मागितल्यापासून पाच दिवसांत मिळाला पाहिजे. नव्या नोंदणीनंतर सुमारे दोन महिने नाव हलवता येत नाही, एवढाच काय तो सर्वसाधारण अडसर. हा संकेतांक खात्यातून सहज मिळतो की त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात, याची चौकशी नाव नोंदवण्यापूर्वीच करावी.

पाचवी कसोटी कुलपाची आणि माणसाची. जानेवारी २०२१ मध्ये पर्ल या सुप्रसिद्ध संगणकीय भाषेचे पर्ल डॉट कॉम हे नाव परस्पर भलत्याच्या हाती गेले आणि ते परत मिळवायला काही दिवस लागले. संगणकतज्ज्ञांच्या बाबतीत जे घडते, ते आपल्या बाबतीत घडणार नाही असे कोणी समजू नये. म्हणून हस्तांतराला कुलूप लावण्याची सोय, तसेच परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवरील दुसरी पडताळणी, या दोन्ही असाव्यात. आणि अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस असावा. नोंदणीपूर्वी एखादा साधा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर कधी आणि कसे येते, यातून बरेच काही कळते.

स्वदेशी नोंदणीकार निवडावा काय, असे अनेक जण विचारतात. सर्व कसोट्या सारख्याच उतरत असतील, तर अवश्य निवडावा. रुपयांत पावती, आपल्या भाषेत संवाद आणि तंटा झालाच तर आपला ग्राहक आयोग, हे लाभ खरे आहेत. डॉट इनची वाटचालही आपलीच आहे. प्रारंभी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे हे काम होते आणि २००५ पूर्वी जेमतेम सात हजारांच्या घरात नावे नोंदली गेली होती. त्या वर्षी नोंदणी सर्वांना खुली झाली. २०१४ पासून तर देवनागरीतील डॉट भारत हे शेपूटही उपलब्ध आहे आणि मराठी माणसाला मराठीतच नाव घेता येते. मात्र ‘आपला’ म्हणून कसोट्या माफ करणे ही आपुलकी नव्हे, आळस आहे.

वारशाचा प्रश्न

एका घरगुती संकेतस्थळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी नाव सुटल्यावर काय होते ते पाहावे. मुदत संपल्यावर नोंदणीकार काही दिवसांची सवलत देतो. नाव खोडले गेल्यावरही डॉट कॉमसारख्या नावांना तीस दिवसांचा सोडवणुकीचा अवधी असतो. पण त्याचे शुल्क भरभक्कम असते. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे पासपोर्ट डॉट कॉम हे नाव असेच सुटले, तेव्हा एका परक्या संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते वाचवले. आपल्यासाठी असा सज्जन धावून येईलच असे नाही. आजोबांच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकणे आणि त्या पत्त्यावर येणारी पत्रे अनोळखी माणसाच्या हाती पडणे, हे दुःख पैशात मोजता येत नाही.

आणि असे घडते ते केवळ निष्काळजीपणामुळे नव्हे, तर मृत्यूमुळेही. संकेतस्थळ चालवणारा कर्ता माणूस जातो आणि नूतनीकरणाची सूचनापत्रे त्याच्या बंद पडलेल्या इमेलवर येत राहतात. घरच्यांना ना नोंदणीकार ठाऊक, ना मुदत. वर्षभरात उभ्या आयुष्याचे लेखन नाहीसे होते. म्हणून विम्याची पॉलिसी, बँकेची ठेव आणि घराची कागदपत्रे जेथे लिहून ठेवतो, तेथेच आणखी एक ओळ लिहावी. डोमेन नाव, नोंदणीकाराचे नाव, खाते कोणत्या इमेलवर आहे आणि मुदत कधी संपते. वयोवृद्धांनी शक्य असल्यास अनेक वर्षांचे शुल्क एकदम भरावे आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला सारे समजावून सांगावे.

ज्यांचे संकेतस्थळ आधीच आहे, त्यांनी येत्या रविवारी अर्धा तास काढावा. आपले नाव कोणाकडे नोंदलेले आहे, कोणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंतचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. तिन्ही उत्तरे लिहिता आली, तर नाव खरोखर आपले आहे. एखादे जरी अडले, तर सोमवारी पहिला फोन नोंदणीकाराला करावा.