सपाट पोटाचा हप्ता

मोबाइलच्या पडद्यावर हल्ली एक जाहिरात वारंवार येते. डावीकडे सैल, ओघळलेले पोट, उजवीकडे सपाट पोट आणि खाली ठळक अक्षरांत ‘सुलभ मासिक हप्ते, शून्य टक्के व्याज’. टीव्ही, फ्रिज, दुचाकी यांच्या रांगेत आता माणसाचे पोटही येऊन बसले आहे. बँकेच्या कर्ज विभागात मी आयुष्याची बरीच वर्षे काढली. त्यामुळे माझी नजर पोटाच्या आधी त्या शून्यावर गेली. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू नसतेच, ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून तर किरकोळ कर्ज देताना मुख्य तथ्यांचे एक पत्रक कर्जदाराच्या हाती ठेवणे बंधनकारक झाले. सगळी शुल्के धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, वसुली कोण करणार, तक्रार कोणाकडे करायची, हे सारे त्यात साध्या भाषेत लिहावे लागते.

म्हणजे पोटासाठी काढलेल्या कर्जाला तथ्यपत्रक आहे. पोटाला मात्र नाही. जाहिरातीत आधीचे चित्र आहे आणि नंतरचे आहे. मधल्या सहा महिन्यांचे चित्र कुठेच नाही. ते मधले चित्र जमेल तेवढे उभे करावे, म्हणून हा लेख.

या शस्त्रक्रियेला इंग्रजी बोलीत ‘टमी टक’ म्हणतात. नाव असे लाडिक, की साडीची निरी खोचावी तितके सोपे काम वाटावे. वैद्यकातले नाव ॲबडॉमिनोप्लास्टी. ती काही कालपरवाची नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी लोंबणाऱ्या पोटाची जादा कातडी आणि चरबी काढण्याची शस्त्रक्रिया १८९९ साली लिहून ठेवली. १९६०च्या दशकात ब्राझीलच्या इवो पितांगी यांनी तिला आजच्या जवळचे रूप दिले. आपल्याला तर या विद्येचे वावडे असण्याचे कारणच नाही. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. मात्र कावसजीचे गेलेले नाक परत हवे होते. आजच्या गिऱ्हाइकाला काय परत हवे असते, हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे.

सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी पाहणी करते. २०२२च्या पाहणीत ही शस्त्रक्रिया जगातल्या पहिल्या पाचांत होती आणि तिची वर्षाची संख्या दहा लाखांच्या पुढे होती. आपल्याकडे मागणी वाढण्याचे एक नवे कारण औषधांच्या दुकानातून आले आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात दाखल झाली. वजन भराभर उतरले, की आतला माल गेलेल्या पोत्यासारखी कातडी लोंबते; ती व्यायामाने आवळत नाही. पण जुने आणि मोठे कारण बाळंतपण हेच. पोटाच्या मध्यरेषेला उभे दोन स्नायू असतात. गर्भ वाढताना ते एकमेकांपासून फाकतात. बऱ्याच जणींचे ते काही महिन्यांत, थोड्या योग्य व्यायामाने जवळ येतात. काहींचे येत नाहीत. मग वजन बेताचे असूनही पोट पुढे राहते आणि गाडीत कोणीतरी जागा देऊन विचारते, “कितवा महिना?” हा प्रश्न दहादा ऐकलेल्या बाईला ‘मनाचे सौंदर्य’ वगैरे सांगणे हा मला उद्धटपणा वाटतो. त्यामुळे ही शस्त्रक्रिया म्हणजे निव्वळ चोचले, असा निकाल मी देणार नाही.

आता प्रत्यक्ष काय होते ते पाहू. पूर्ण भूल दिली जाते. अंतर्वस्त्राच्या आत झाकेल इतका खाली, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवत नेतात. फाकलेले स्नायू टाके घालून मध्यरेषेत आणतात, थर खाली ओढतात आणि उरलेला कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर तिथेच राहते. तिच्यासाठी ओढलेल्या कातडीत नवे भोक पाडावे लागते. सिझेरियनचा जुना व्रण बहुधा कापलेल्या भागाबरोबर निघून जातो, पण त्याच्या जागी त्याहून पुष्कळ लांब व्रण येतो आणि तो जन्मभर राहतो. त्याचा लालसरपणा वा काळपटपणा निवायला वर्ष-दीड वर्ष लागते. आपल्या वर्णाच्या कातडीत व्रण जाड, उंचावलेला होण्याची प्रवृत्तीही अधिक. सगळे मिळून दोन ते चार तासांचे काम.

जाहिरात न सांगणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. वजन आधी उतरवून काही महिने स्थिर ठेवायचे आणि मग जायचे, हा क्रम. बोटांच्या चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. सर्जनची सुरी तिथपर्यंत पोचते. आतड्यांभोवती साठलेली चरबी तिच्या आवाक्यात नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांची पोटे टणक, घागरीसारखी असतात, ती याच आतल्या चरबीची. त्या मंडळींनी या वाटेला जाऊ नये. मधुमेह आणि हृदयविकार हीच चरबी घेऊन येते, आणि बाहेरून पोट ताणून बसवल्याने त्यांना काही फरक पडत नाही. पुन्हा मूल व्हायचे असेल तर आधी ते होऊ द्यावे. घातलेले टाके दुसऱ्या गर्भारपणात सैल पडतात.

शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यात एक ते तीन दिवस. पोटातून साचलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या अनेकदा घरी घेऊनच यावे लागते. त्या काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी निघतात. पहिला आठवडा-दीड आठवडा सरळ उभे राहता येत नाही, बाई म्हातारीसारखी कंबरेत वाकून चालते. झोपायचे ते पाठीखाली उशांची चळत आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन. साधारण सहा आठवडे घट्ट पट्टा. टेबलावरच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत जाता येते. सूज मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि जाहिरातीतल्या उजवीकडच्या चित्राची वाट सहा महिने ते वर्षभर पाहावी लागते. बेंबीखालचा भाग बधिर राहतो, कधी कायमचा. म्हणून त्या पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. आपल्या घरांत पोट दुखले की आधी तीच पिशवी काढली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणि सहा आठवडे जड उचलायचे नाही. या एका ओळीपाशी मला थांबायचे आहे, कारण खरा हप्ता इथे आहे.

आमच्या नात्यातली एक सून, वय छत्तीस, दोन बाळंतपणे झालेली, गेल्या वर्षी या विचारात पडली. नवऱ्याने कर्जाचा हिशेब काढला, बोनस धरला, सगळे जमत होते. मग तिने माझ्याकडे बसून दुसरा हिशेब काढला. भरलेला गॅसचा सिलिंडर तिशीच्या घरातले वजन, तो सरकवायचा नाही. पाण्याची भरलेली बादली, गव्हाचा डबा, मोठ्या कुकरभर आमटी, ओल्या चादरींचा पिळा, काही नाही. धाकटा बारा किलोंचा. त्याला कडेवर घ्यायचे नाही, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलाला ‘आईच्या पोटाला टाके आहेत’ हे समजावणे म्हणजे मांजराला एकादशी सांगण्यासारखे. त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात. बाळंतपणानंतर निदान सव्वा महिन्याची रीत आहे. शेक असतो, डिंकाचे लाडू असतात, माहेर असते. ‘हौसेने पोट कापून घेतले’ या विश्रांतीला कोणतीही रीत नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई चालू-फिरू लागते आणि घर धरून चालते की आता ती बरी झाली.

कर्जाला आम्ही जामीनदार मागत असू. जामीनदाराची सही घेताना मी नेहमी विचारत असे, “हप्ता थकला तर तुम्ही भरणार, हे समजले ना?” या शस्त्रक्रियेचे जामीनदार घरातली माणसे असतात, आणि त्यांची सही कोणीच घेत नाही. स्वयंपाकाला बाई, मुलाला सांभाळणारी, नवऱ्याची रजा यांचा खर्च सर्जनच्या अंदाजपत्रकात नसतो. तो मूळ रकमेत धरा आणि मग शून्य टक्क्यांकडे पाहा.

जोखमीचेही बोलले पाहिजे. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कातडीखाली पाण्यासारखा द्रव साचणे. तो सुईने काढावा लागतो, कधी वारंवार. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, छेदाची कड काळी पडून झडणे हेही घडते. कड झडण्याचे प्रमाण तंबाखूने वाढते, कारण निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते. सिगारेट किमान महिनाभर आधी सोडा असे सर्जन सांगतात. आपल्याकडच्या बायका ‘मी ओढत नाही’ म्हणतात आणि मिश्री लावतात. ती सांगायची. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, वजनाची इंजेक्शनेही सांगायची. त्या इंजेक्शनांमुळे पोट उशिरा रिकामे होते आणि भूल देताना ते महत्त्वाचे ठरते. मात्र काय थांबवायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण परस्पर नाही.

सर्वांत गंभीर धोका पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा. सौंदर्य शस्त्रक्रियांत हा धोका या शस्त्रक्रियेत तुलनेने अधिक. पहिल्याच दिवसापासून हळूहळू चालायला लावतात ते त्यासाठी. एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत एकवीस वर्षांची एक दूरचित्रवाणी अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. ती शस्त्रक्रिया वेगळी, पण ‘किरकोळ काम आहे, संध्याकाळी घरी’ ही बोली दोन्हीकडे तीच चालते.

विम्याचे म्हणाल तर विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्याच्या अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली, आणि त्यात सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा डॉक्टरांनी प्रकृतीसाठी आवश्यक म्हणून लिहून दिलेला उपचार, एवढीच फट आहे. बेंबीपाशी हर्निया असेल तर तेवढ्या भागाचे काय, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल मॅडम’ला किंमत नाही. रुग्णसेवेला असलेली करमाफीही सौंदर्य शस्त्रक्रियेला नाही. २०१७ पासून तिच्यावर वस्तू व सेवा कर आहे. बिलात तो नंतर उगवला म्हणून भांडणारे लोक मी पाहिले आहेत.

सर्जन कोण, याची चौकशी करण्यात आपण भिडस्त. एम.बी.बी.एस.नंतर शल्यचिकित्सेची एम.एस. आणि त्यानंतर तीन वर्षे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा तत्सम राष्ट्रीय बोर्डाची पदवी, हा त्या विद्येचा रस्ता. पाटीवर ‘कॉस्मेटिक’ शब्द आहे एवढ्याने तो चालून झाला असे होत नाही. डॉक्टरांचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे का, रुग्णालय १९४९च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदलेले आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहणार का, रात्री काही झाले तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत की शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि व्रण बिघडला, कड सुधारावी लागली तर ते पैसे कोणी भरायचे. घर घेताना आपण बिल्डरला याहून जास्त प्रश्न विचारतो.

संमतिपत्राची तर मला विशेष कळकळ आहे, कारण न वाचता केलेल्या सह्या पाहण्यात माझी नोकरी गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले, की रुग्णाला शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय कळतील इतकी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. भूल देण्याच्या आदल्या संध्याकाळी खाटेवर पुढे केलेला इंग्रजी कागद ही त्या निकालातली संमती होत नाही. तो कागद आठवडाभर आधी घरी मागावा, मराठीत समजावून घ्यावा. जो दवाखाना तेवढेही करत नाही, तिथून उठून यावे.

आमच्या त्या सुनेने दोन सर्जनांना गाठले. पहिल्याकडे हप्त्याचा तक्ता आधी मिळाला. दुसऱ्याने तिला भिंतीशी निजवून, मान उचलायला सांगून दोन स्नायूंमधली फट बोटांनी मोजली, तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे धाडले आणि नंतर या म्हणून सांगितले. फट थोडी मिटली, पूर्ण नाही. तिने आता पुढच्या दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. नवऱ्याने तीन आठवड्यांची रजा त्याच्या साहेबाकडून लिहून आणली, आणि तोवर धाकटा स्वतःच्या पायांनी दोन जिने चढू लागेल, असा तिचा हिशेब आहे.