वर्गातील बोलणे आणि त्याचे मोल

वर्गात कोणता मुलगा किती बोलतो, ही बाब पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या बोलण्यास गुण मिळतात, ते क्षुल्लक राहत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याला अनुसरून महाराष्ट्र सरकारने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना काढली. तीत पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनास शेकडा ७० व सातवी-आठवीसाठी शेकडा ४० भार दिला, आणि त्याच्या साधनांत तोंडी कामास स्थान दिले. प्रश्नोत्तरे, संभाषण, गटचर्चा ही सर्व त्यातच येतात. हेतू उत्तम होता. प्रश्न आहे तो अंमलाचा.

मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण वगळले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर उतरला. अभ्यासक्रम नवा होता, हेही एक कारण असेल. पुढील वर्षापासून ते गुण परत आले. तथापि ते मुलांचे बोलणे पारखून दिले जातात, की निकालास टेकू म्हणून, हा प्रश्न कोणी नेटाने विचारला नाही. सर्वांस सरसकट वाटलेला गुण दानधर्म होय, परीक्षा नव्हे.

दुसरा दोष याहून घातक आहे. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात शेतकऱ्याचे किंवा मजुराचे मूल घरची बोली घेऊन शाळेत येते. वऱ्हाडात 'मला'च्या जागी 'मले' म्हणणाऱ्या मुलास वर्ग एकदा हसला, की ते मूल वर्षभर तोंड उघडीत नाही. मुलींस तर 'फार बोलू नये' हा धडा घरूनच मिळालेला असतो. अशांच्या नावापुढे 'सहभाग कमी' असा शेरा पडला, तर तो बुद्धीचा नव्हे, भीतीचा हिशेब झाला. बाजारात जो मोठ्याने ओरडतो त्याचाच माल चोख, असे आमचे व्यापारी बंधू कधी मानीत नाहीत. ते धान्य मुठीत घेऊन पाहतात. शाळेनेही तोच न्याय लावावा.

यास्तव आमच्या सूचना साध्या आहेत. मूल किती वेळा बोलले हे न मोजता त्याने कोणता प्रश्न विचारला, मताला कोणते कारण दिले, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून त्यात काय भर घातली, हे टिपावे. प्रश्न टाकल्यावर विचारास क्षणभर अवकाश द्यावा. आधी दोघांदोघांत बोलू देऊन मग वर्गापुढे उभे करावे. रोज चार-पाच मुलांचीच नोंद केली, तरी पंधरवड्यात सर्वांची पाळी येईल. विचाराची परीक्षा घेताना बोलीचे गुण कापू नयेत. प्रमाणभाषा अवश्य शिकवावी, पण हसून नव्हे.

कित्येक म्हणतील, शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे. तो आहे, आणि म्हणूनच नोंदी थोड्या पण खऱ्या असाव्यात. कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनी बैठकीत केवळ भिंतीच्या रंगाची चौकशी न करता 'आमचे मूल वर्गात काय विचारते?' असे विचारावे. जे मूल वर्गात कारण मागावयास शिकले नाही, ते पुढे सावकारापुढे, कचेरीत व सभेतही मुकाट मान हलवील. तसे नागरिक घडवावयाचे नसतील, तर शाळेने मुलांची तोंडे आजच उघडली पाहिजेत.