प्रोसेसरांचें व्याकरण आणि वाङ्मय

घरांत नवा संगणक घ्यावयाचा ठरला, कीं इंटेलचा प्रोसेसर बरा, एएमडीचा बरा, कीं आर्मच्या धर्तीचा बरा, असा वाद तरुण मंडळींत जुंपतो. हा वाद बहुधा वेगाचा असतो. आमच्या मतें खरा प्रश्न उद्यां कोण टिकेल हा आहे.

प्रत्येक प्रोसेसराच्या आज्ञांचें एक ठराविक व्याकरण असतें. त्याला अनुसरून रचलेले प्रोग्रॅमच त्यास कळतात. इंटेलनें १९७८ सालीं ८०८६ हा प्रोसेसर काढला. त्याच कुळांतील ८०८८ आयबीएमनें १९८१ सालीं आपल्या संगणकांत बसविला, आणि या व्याकरणांत प्रोग्रॅमांचें अफाट वाङ्मय निर्माण झालें. पुढें २००१ सालीं इंटेलनें एचपीच्या सहकार्यानें ६४ बिटांचा इटॅनियम आणला. त्याचें व्याकरण सर्वस्वी नवें होतें व जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत. एएमडीनें २००३ सालीं जुन्याच व्याकरणाला ६४ बिटांची पुरवणी जोडली. दुसऱ्याच वर्षीं खुद्द इंटेलला ती स्वीकारावी लागली. इटॅनियमची विक्री २०२१ सालीं संपली.

यावरून जुनें तेंच टिकतें, असें अनुमान कोणी काढील, तर तें अपुरें होय. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें १९८५ सालीं सिद्ध केलेला आर्म प्रोसेसर अल्प विजेवर चाले. १९९० सालीं स्थापन झालेल्या आर्म कंपनीनें आपले आराखडे परवान्यानें इतरांस देण्याचा मार्ग धरला. मोबाइल फोनांना जुन्या वाङ्मयाचें बंधन नव्हतें. तेथें आर्मनें आपलें बस्तान बसविलें. अ‍ॅपलनें २०२० सालीं आपले संगणक इंटेलकडून आर्मकडे वळवितांना रोझेटा २ नांवाचा दुभाषीहि सोबत दिला. दुभाषी उत्तम असला, कीं जुन्या वाङ्मयाची तटबंदी ढासळूं लागते.

तेव्हां इंटेल व एएमडी यांस केवळ पूर्वार्जितावर विसंबतां येणार नाहीं. आर्मलाहि स्वस्थता नाहींच. बर्कले विद्यापीठांत २०१० सालीं आरंभ झालेलें रिस्क-फाइव्ह हें व्याकरण परवान्याचें शुल्क न देतां कोणासहि वापरतां येतें. मद्रासच्या आयआयटींत त्यावरच ‘शक्ति’ प्रोसेसर घडले. व्याकरण असें विनामूल्य हातीं आलें आहे. परंतु वाङ्मयावांचून व्याकरण वांझ, हा इटॅनियमचा धडा आमच्या तरुण अभियंत्यांनीं विसरूं नये.