राग 'ब्रो'वर, सलाम 'केवायसी'ला

'या पोरांनी भाषेची पार वाट लावली' हे वाक्य गेल्या वर्षभरात मी निकाहच्या मांडवात ऐकलं, एसटीत ऐकलं, ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलं. बोलणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे. पुरावेही तेच ते: 'ब्रो', 'क्रिंज', 'विषय हार्ड', 'लोड नको घेऊ', वाढदिवसाला 'एचबीडी', मयतीला 'आरआयपी'.

यातल्या काहींचा मलाही राग येतो. चार ओळींचा निरोप पाठवावा आणि उत्तरात नुसतं 'के' यावं, याला मी उद्धटपणाच म्हणतो. ज्याच्या जनाज्याला खांदा द्यायला लोक चार गावांवरून येतात, त्याच्या वाट्याला मोबाईलवर तीन इंग्रजी अक्षरं यावीत हेही मला पटत नाही. आमच्या जमातीच्या ग्रुपवर एक बुजुर्ग दर महिन्याला बजावतात, सलाम पूर्ण लिहा, अक्षरं कापू नका. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, कारण सलाम म्हणजे दुआ आहे आणि दुआ अर्ध्यावर सोडायची नसते. (आपल्याच मराठी धार्मिक पुस्तकांत मात्र पानोपानी 'सल्ल.' आणि 'रजि.' छापलेलं असतं, त्यावर हे बुजुर्ग काही बोलत नाहीत.)

पण एवढा सगळा राग चुकीच्या पत्त्यावर चालला आहे. पत्त्याचंच बघा. मु. पो. देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर. एका ओळीत चार लघुरूपं. मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले, पोस्ट इंग्रजी. पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.'नं आणि शेवट 'ता. क.'नं करणारी पिढी आज 'एचबीडी'वर नाक मुरडते. देशपांड्यांना 'पुलं' आणि माडगूळकरांना 'गदिमा' तिनंच केलं, आणि प्रेमानं केलं. १ जून १९४८ रोजी आपल्याच नगरहून पुण्याला राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. त्या 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची एसटी झाली, एसटीची येष्टी झाली, आणि आज तिला इंग्रजी म्हणायला कोणी धजणार नाही.

आमच्या देवळालीला नाशिकची देवळाली समजणारे लोक मला नेहमी भेटतात. त्या देवळालीच्या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे. तिथं माणूस भ्रमिष्ट झाला की त्याला म्हणायचे 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. शिपायांची ही टवाळ बोली पुढे इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसली. तेव्हा 'ब्रो'नं मराठी बुडेल ही भीती मला वाटत नाही.

शिवाय भाषाशुद्धीच्या गोष्टी आपण तरी जपून कराव्यात. आमच्या घरात जी दखनी बोलतात ती लखनौच्या माणसाला बिघडलेली उर्दू वाटते आणि पुण्याच्या माणसाला बिघडलेली हिंदी. आम्ही 'मत' म्हणत नाही, 'नक्को' म्हणतो. हा नक्को सरळ मराठीच्या 'नको'तून आलेला. आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला, तेव्हा त्यांनी कोणाची परवानगी काढली नव्हती. गेल्या शतकात 'तारीख' हाकलून 'दिनांक' आणण्याची चळवळ झाली. फारसी शिकवणारे आणि १९२५ साली फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियनसुद्धा पुढे तिच्यात सामील झाले. 'दिनांक' आला, पण 'तारीख' गेली नाही. जिल्हा आणि तालुका तर जागचे हललेही नाहीत. बोलणारी माणसं आपलं बघून घेतात.

ज्या लघुरूपांवर खरं तर चिडायला हवं ती पोरांच्या तोंडी नाहीत. ती खिडकीवर चिकटवलेल्या कागदावर आहेत.

'केवायसी करून घ्या.' हा कागद आता बँकेत आहे, रेशन दुकानात आहे, गॅस एजन्सीत आहे, सुविधा केंद्रात आहे. माझ्या फुफीनं असाच एक कागद बघून मला विचारलं, 'बेटा, ये केवायसी क्या रहता?' ती चौथी शिकलेली आहे, घरचा सातबारा तिला वाचता येतो, आणे-पैशाचा हिशेब तोंडी करते. मी तिला लघुरूप फोडून सांगितलं: नो युवर कस्टमर, म्हणजे आपला ग्राहक ओळखा. ती म्हणाली, 'तो मैं किसकू पहचानू?'

या प्रश्नाला उत्तर नाही. 'आपला ग्राहक ओळखा' ही आज्ञा बँकेला आहे. रिझर्व्ह बँकेनं २००२ साली बँकांना सांगितलं की खातेदार कोण आहे याची खात्री तुम्ही करून घ्या. काम बँकेचं, जबाबदारी बँकेची. पण तीन शब्दांची तीन अक्षरं झाली आणि आज्ञेतला कर्ता गायब झाला. आता बँक फुफीला सांगते, केवायसी तू कर. नाही केली तर खातं तुझं गोठणार, रांग तुला लावावी लागणार, रोज तुझा बुडणार. पूर्ण वाक्य लिहिलं असतं तर ही अदलाबदल एवढी सहज झाली नसती. कोणीतरी विचारलं असतं की ग्राहकाला ओळखायचं काम ग्राहकाकडे कसं आलं.

लाडकी बहीण योजनेत तेच घडलं. जुलै २०२४ पासून महिना १५०० रुपये, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची. बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. म्हणजे त्या एका 'ई-केवायसी'च्या पोटात हा प्रश्न दडलेला होता: बाई, तुझा पुरुष कोणता? उघड विचारला असता तर गावोगाव बोंब झाली असती. ज्या बाईचा नवरा गेला, वडील गेले, तिनं ओटीपी कुठून आणायचा? तलाकशुदा बाईनं कोणाच्या दारात फोन मागायला जायचं? पुढे मुदत वाढवावी लागली, अशा बायकांसाठी वेगळी वाट काढावी लागली. पण तोवर किती फेऱ्या झाल्या ते रांगेतल्या बायकांना विचारा.

सातबाराही लघुरूपच आहे, गाव नमुना सात आणि बारा. पण अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याच्या पोटात काय काय आहे ते माहीत असतं: नाव, क्षेत्र, पीक, बोजा. म्हणून सातबारा त्याचा आहे. केवायसी फुफीची नाही.

आता आपल्या नावांकडे येतो, कारण हे दुखणं खास आपलं आहे. जुन्या शाळेच्या दाखल्यांवर, फेरफारांवर, मतदार याद्यांत आपली नावं कशी लिहिलीत पाहा. 'शे. अ. रज्जाक शे. अ. गफूर.' लिहिणाऱ्याचा एका नावामागे दोन सेकंद वेळ वाचला. 'अब्द' म्हणजे दास. अब्दुल रज्जाक म्हणजे रोजी देणाऱ्याचा दास. मराठीत शब्दाआधी 'अ' लागला की ज्ञानाचं अज्ञान होतं. इथं दासाचा 'अ.' झाला आणि दास नाहीसा झाला. 'मो.' तर विचारूच नका. लग्नपत्रिकेवर तो मोहंमद असतो, दुकानाच्या पाटीवर मोबाईल.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून एवढं खात्रीनं सांगतो: यंत्राला 'अ.' आणि 'अब्दुल' ही एकाच माणसाची नावं आहेत हे आपोआप कळत नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे अक्षरक्रम, म्हणजे दोन वेगळी माणसं. महंमद, मोहम्मद, मुहंमद, मो., एमडी ही पाच. पॅन कार्डाच्या अर्जावर छापलेलंच असतं की आद्याक्षरं चालणार नाहीत, पूर्ण नाव लिहा. एका कार्यालयानं नाव कापायचं, दुसऱ्यानं पूर्ण मागायचं, आणि दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करायला त्या माणसानं प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात नाव छापून आणायचं. शिष्यवृत्ती अडते, वारसाची नोंद अडते, बापाच्या जमिनीवर नाव लागत नाही. 'ब्रो' म्हटल्यानं आजवर कोणाची जमीन अडली आहे?

आणखी एक संक्षेप आहे, आरोपाचा. कोणत्याही शब्दाला 'जिहाद' जोडायचं की पुरावा द्यायची गरज उरत नाही. २०२४ च्या निवडणुकांत भाषणांतून 'व्होट जिहाद' ऐकलं. मत देणं हा नागरिकाचा हक्क, त्याचा दोन शब्दांत गुन्हा झाला. भाषेच्या शुद्धतेसाठी झुरणारे लोक तेव्हा कुठे होते, मला दिसले नाहीत.

माझ्या धंद्यात लघुरूपांचा सुळसुळाट आहे. ईओडी, एएसएपी, एफवायआय. दिवसभर तेच कानावर पडतं आणि संध्याकाळी डोकं उठतं. तरी तिथं एक शिस्त आहे. दस्तऐवजात लघुरूप पहिल्यांदा आलं की ते फोडून लिहायचं, नाहीतर तपासणारा परत पाठवतो. पगारी इंजिनिअरला मिळणारी ही सवलत फुफीला का नाही? राज्याच्या कारभाराची भाषा मराठी असं सांगणारा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. खिडकीवरचा कागद आहे तिथंच आहे.

तेव्हा गावातल्या ज्येष्ठांना माझी विनंती आहे की पोरांना टोकण्यात जाणारा वेळ थोडा इकडे द्या. जूनमध्ये शाळेत नाव घालायला जाल तेव्हा पेन स्वतःच्या हातात घ्या आणि 'अब्दुल' पूर्ण लिहा, 'शेख' पूर्ण लिहा, आधारवर आहे त्याच स्पेलिंगनं. बाबूजी म्हणाले जागा पुरत नाही, तर दुसऱ्या ओळीत लिहा. आणि सुविधा केंद्रावर 'ई-केवायसी करा' असा कागद दिसला तर चालकाला सांगून त्याच्या शेजारी दुसरा लावून घ्या: 'तुमचं आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल, आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक घेऊन या. दोघंही हयात नसतील किंवा तलाक झाला असेल, तर परत जाऊ नका, आत येऊन विचारा.' हा कागद लिहून द्यायला मुलं हवी असतील तर मोहल्ल्यातल्या 'ब्रो' मंडळींना हाक मारा, त्यांचं अक्षर चांगलं आहे.